पिवळी फुली

६ जानेवारी २०१२, शुक्रवार

डोक्यातून गेलेलं हातांत शिल्लक राहतं का? मला माहीत नाही. चार वर्षं समाजकार्य शिकले, या घरातली पहिली पदवी माझी, बाहेरच्या खोलीत चौकटीत लावलेली आहे – आणि या एका प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. वर्गात बाईंनी सांगितलं होतं: विसरत चाललेल्या माणसाच्या हाती त्याचं जुनं काम परत द्या, अंगवळणी पडलेलं, त्या कामाला धरून तो उभा राहतो. मी ते वाक्य दोनदा अधोरेखित केलं होतं.

आज यंत्र आलं. आमच्या घराजवळच्या सर्माक रस्त्यावरचं कपडे धुण्याचं दुकान बंद झालं, त्याच्या कोपऱ्यात खेळाचं एक यंत्र वर्षानुवर्षं उभं होतं. माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, आत पडदा, बाहेर एक दांडा आणि दोन बटणं. कंदील घेतलेला माणूस खाणीत उतरतो, असा खेळ. चित्र इतकं धूसर की कंदील कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ते कळत नाही. गुणांच्या आकड्यांत तीन आणि आठ सारखेच दिसतात. दुकानदार म्हणाला, हे मॉनिटर आता कुणी दुरुस्त करत नाही, दुसरं बघ. मला हेच हवं होतं!

आपांनी, माझ्या वडिलांनी, एकवीस वर्षं हेच केलं. कारखान्यात खेळांच्या यंत्रांचे मॉनिटर बनायचे, आणि शेवटच्या बाकावर बसून आपा प्रत्येकाचं चित्र स्वच्छ करायचे. तिथून पुढे पेटीत. कारखाना बंद पडला, मग ते शाळेत फरशा पुसायला लागले. मग आई गेली. गेल्या पानगळीत ते दोन गल्ल्यांवर रस्ता चुकले आणि डॉक्टरांनी तो शब्द वापरला. तो मी या वहीत लिहिणार नाही.

चायो आत्या – आपांची बहीण, वरच्या मजल्यावर राहते – जिन्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, लोकांच्या पोरी बापाला स्वेटर आणतात, आमची पदवीबाई कपाट आणते.

आज तीन राजांचा सण, नाताळचा शेवटचा दिवस. सणाचा गोल पाव कापला तर आत भाजलेली इवलीशी बाहुली आपांच्या तुकड्यात निघाली. ज्याला बाहुली निघते त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले, कणसाच्या पानांत उकडलेले मक्याच्या पिठाचे मुटके, खाऊ घालायचे; म्हणजे यंदा ते आपांकडे. त्यांनी बाहुली शर्टाच्या खिशात टाकली आणि पाव हातात घेऊनच तळघरात उतरले. यंत्राभोवती एक फेरी मारली. मागच्या फळीवर बोटांनी टकटक केलं, डॉक्टर पाठीवर करतात तसं.

७ जानेवारी, शनिवार

दिवसभर तळघरात. मी शिकले!

मागची फळी काढली की काचेची मोठी नळी दिसते – पुढून पडदा, मागे निमुळती होत गेलेली मान. प्लग काढला तरी त्या काचेत करंट साठून राहतो. दिवसचे दिवस. आधी तो काढायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधायची, वायरचं दुसरं टोक लोखंडी चौकटीला, आणि ड्रायव्हरचं टोक नळीवरच्या रबरी टोपीखाली सरकवायचं. 'टच्' असा आवाज होतो. मग आपा पिवळ्या मेणखडूने काचेवर फुली मारतात आणि म्हणतात, झोपली. कारखान्यात सगळे असंच म्हणायचे.

डावा हात सबंध वेळ मागच्या खिशात. मला वाटलं ही त्यांची ऐट आहे.

"दोन्ही हात आत घातलेस तर करंट एका हातातून शिरतो आणि दुसऱ्यातून निघतो," म्हणाले. "मध्ये काळीज असतं, पोरी."

आणि दुसरा नियम: यंत्र चालू करायच्या आधी फडक्याने फुली पुसायची. पुसली, मग प्लग. कारण फुली वाचून माणूस आत हात घालतो. त्यांनी माझ्याकडून दहा वेळा करून घेतलं. झोपव, फुली, पूस, प्लग. चुकले तर बोटांवर फडकं मारायचे. इतके महिने मी त्यांना गोळ्यांची वेळ सांगते आहे, आज त्यांनी मला काही सांगितलं.

१४ जानेवारी, शनिवार

आतल्या बाजूला फोकसची एक बारीक खुंटी आहे. ती फिरवली की रेघा जवळ येतात, चित्र आवळल्यासारखं होतं. पण अर्ध्या तासात, यंत्र तापलं की परत पसरतं. आपांनी तीनदा फिरवली, तीनदा वाट पाहिली. मग नळी झोपवून मानेच्या टोकाचं सॉकेट काढलं आणि मला उजेडात धरायला लावलं. आत हिरवी बुरशी चढावी तसं गंजलं होतं.

"खुंटीचा काही दोष नाही. या सॉकेटातून करंट गळतो आहे."

आणि मग त्यांनी सॉकेटचा नंबर सांगितला. सात आकडे, मध्ये एक अक्षर! गुरुवारी ते मला आईच्या नावाने हाक मारत होते. मी वर जाऊन पाणी प्यायचं निमित्त केलं आणि जिन्यात बसून रडले.

वांडाबाईंना फोन केला. शेजारच्या बेर्विन गावात राहतात, चौदा वर्षं आपांच्या शेजारच्या बाकावर होत्या. त्यांच्या गॅरेजमध्ये खोकी भरून सुटे भाग आहेत. म्हणाल्या, त्या म्हाताऱ्याला नंबर आठवतोय तर उद्याच पाठवते.

१५ जानेवारी, रविवार

सॉकेट आलं. सोबत खसखशीचा केक. केक आत्याने अर्धा वर नेला.

२१ जानेवारी, शनिवार

स्वच्छ! अगदी स्वच्छ!

आपांनी नवं सॉकेट डाख देऊन बसवलं, हात जराही थरथरला नाही. फुली पुसली, प्लग लावला. पडदा तापायला क्षणभर लागतो – आणि मग कंदिलाची काच दिसली. काचेतली ज्योत दिसली. त्या माणसाला मिशा आहेत! इतके दिवस आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं. एक तास वाट पाहिली, दोन तास. चित्र पसरलं नाही.

आत्या खेळली. पहिल्याच खड्ड्यात पडली आणि दांड्याला शिव्या दिल्या. मी कॉलेजातल्या बाईंना लांबलचक पत्र लिहिलं. तुम्ही म्हणाला होता ते खरं आहे, असं लिहिलं.

आपा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, धूसर आहे.

मला वाटलं, गंमत करतात.

२४ जानेवारी, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्म्याचा नंबर बरोबर आहे, मोतीबिंदू नाही, काही नाही. आपांनी सगळ्यांत खालची ओळ वाचली.

घरी आल्यावर तळघरात गेले आणि मागची फळी काढली. मी विचारलं, काय झालं? धूसर आहे, पोरी. दिसत नाही का तुला?

२६ जानेवारी, गुरुवार

कामावरून आले तर नळीवर दोन फुल्या होत्या.

मी एक पुसली. मग वाटलं, कुठली आजची? दोन्ही पुसल्या.

२८ जानेवारी, शनिवार



आत्याकडे कॉफी प्यायला वर गेले होते. वीस मिनिटं असेन. खाली आले तर फळी उघडी, काचेवर तीन फुल्या, एकीवर एक – आणि यंत्र चालू. पुढच्या बाजूने खेळाचा आवाज येत होता. कंदीलवाला आपला चालतोय. मी प्लग ओढला. म्हटलं, आपा, फुली न पुसता चालू केलंत? त्यांनी काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शांतपणे, समजुतीच्या सुरात म्हणाले, फुली आहे ना? मग झोपलेली आहे. आणि मी पुढे होईपर्यंत उजवा हात टोपीखाली.

आवाज 'टच्' नव्हता. फांदी मोडावी तसा होता. हात मागे फेकला गेला, कोपर कपाटाच्या कडेवर आपटलं, ते दोन पावलं मागे गेले आणि धुण्याच्या टोपलीवर बसले. बोटाच्या टोकाला पांढरा ठिपका पडला आहे, तांदळाएवढा.

डावा हात खिशात होता. म्हणून.

ते हसले. म्हणाले, डुलकी लागली होती तिला, मीच उठवलं. मग बोट तोंडात घालून टोपलीवर बसून राहिले. थोड्या वेळाने विचारलं, कोपर का दुखतंय माझं?

२९ जानेवारी, रविवार

वांडाबाईंना बोलावलं. दोघं एकमेकांना बघून खूश. त्या म्हणाल्या, एलाडिओ, तू अजून जिवंत? आपा म्हणाले, तुझा डाख बघून मेलो होतो, पुन्हा उठलो. वांडाबाई हसल्या तेव्हा त्यांचं सगळं अंग हसत होतं.

मग त्या स्टूल घेऊन तासभर नुसत्या बघत बसल्या. आपांनी नळी झोपवली, फुली मारली. खुंटीला हात लावला, फळी लावली, प्लग लावला. बघितलं. धूसर आहे म्हणाले. प्लग काढला, फळी काढली. फुली दिसली. हात पुढे केला. वांडाबाईंनी मनगट धरलं. आपा रागावले नाहीत, लाजले. परत तेच. तासात चार वेळा.

स्वयंपाकघरात वांडाबाईंनी कोट न काढता मला सांगितलं. कारखान्यात सुरुवातीला पुसायचा नियम नव्हता. तिसऱ्या बाकावरचा एक माणूस आदल्या पाळीची फुली वाचून हात घालायला गेला. दोन्ही हात. "त्याच्या बायकोला सांगायला मी आणि तुझा बाप गेलो होतो. बर्फ होतं. तुझ्या बापाने टोपी हातात धरली होती, बोलावं मलाच लागलं." नियम त्यानंतर आला.

मी म्हटलं, पण त्यांना सगळं आठवतं. सॉकेटचा नंबर आठवतो.

"फुली मारणं आठवतं," वांडाबाई म्हणाल्या. "पुसणं गेलं."

२ फेब्रुवारी, गुरुवार

आपा म्हणाले, बाहुली मला निघालीच नव्हती, तमाले आत्याकडे. आत्याने एक शब्द न बोलता मक्याचं पीठ भिजवलं, कणसाची पानं धुतली, दुपारपर्यंत चाळीस तमाले केले. अशी गप्प मी तिला आईच्या मयतीला पाहिली होती.

काल तळघराच्या दाराला कुलूप लावून कामावर गेले होते. आज आले तर दार भिंतीला टेकवून उभं केलेलं. कुलूप दारालाच, लावलेलं. बिजागऱ्यांचे सहा स्क्रू वाटीत ओळीने ठेवलेले.

तळघरातली वीजच मुख्य बटणावरून बंद केली. पण काचेत साठलेलं तर बटण बंद करून जात नाही.

४ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही हात.

मी जिन्यातून बघितलं. वीज आत्यानेच परत चालू केली होती, तिचं धुणं राहिलं होतं, चुकून. आपा यंत्रामागे वाकलेले, डाव्या हाताने नळीची मान धरलेली, उजव्याने खुंटी फिरवत होते, यंत्र चालू, आणि ते गुणगुणत होते. मी ओरडले असते तर ते दचकले असते. म्हणून ओरडले नाही. भिंतीला धरून बटणापर्यंत गेले. अकरा पावलं. मी मोजली.

नंतर विचारलं, डावा हात कुठे ठेवायचा, आपा? खिशात, म्हणाले लगेच. का? मध्ये काळीज असतं. सगळं पाठ आहे!

६ फेब्रुवारी, सोमवार

सगळी हत्यारं गाडीच्या डिकीत लपवली. तळघराचं दार खिळे ठोकून बंद केलं.

दुपारी आत्याचा कामावर फोन. आवाज ओळखू येईना. ती अंघोळ करून बाहेर आली तर आपा तिच्या खोलीत, तिच्या जुन्या टीव्हीची मागची बाजू उघडलेली. लोणी लावायच्या सुरीने. तिच्या टीव्हीतही तीच काचेची नळी आहे. त्यांच्याकडे पिवळा खडू नव्हता म्हणून त्यांनी लिपस्टिकने फुली मारली होती.

आत्या म्हणाली, उद्या ते कपाट भंगारात, माझा टीव्ही भंगारात. मग शेजारच्या घरातला, मग चर्चच्या हॉलमधला? ती विचारत नव्हती. मोजत होती.

काम मी आणून दिलं. त्याआधी ते खिडकीशी बसून बसगाड्या बघायचे. रस्ता चुकले होते, पण खिडकीत बसलेल्या माणसाला करंट लागत नाही.

७ फेब्रुवारी, मंगळवार

आपांना नीट समजावून सांगायचं ठरवलं. मी लोकांना समजावण्याचंच शिकले आहे. समोर बसले, हात हातात घेतले, म्हटलं, आपा, तुम्ही विसरता, आणि या कामात विसरलेलं चालत नाही. यंत्र आपण देऊन टाकू. त्यांनी सगळं ऐकलं. मान हलवली. मग विचारलं, "मग मी सकाळी उठून कुठे जाऊ?"

वीस मिनिटांनी ते विसरले आणि हत्यारं शोधायला लागले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शोधत होते. पलंगाखाली, ओव्हनमध्ये, आईच्या पेटीत.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी त्यांना समोर बसवून परत समजावलं. दोनदा. ते मला ऐकून घेतात, लहान मुलाचं ऐकावं तसं.

आत्याच्या दाराला आतून कडी. टीव्ही गेला, त्याच्या जागी धुळीचा चौकोन राहिला आहे.

११ फेब्रुवारी, शनिवार

वांडाबाई आल्या होत्या. भंगारवाला यंत्र नेत नाही, एवढ्या मोठ्या नळीसकट नको म्हणतो. वांडाबाई म्हणाल्या, नळी मेली तरी हा थांबायचा नाही, माझ्याच गॅरेजमध्ये तीन आहेत आणि याला ते ठाऊक आहे. आपा म्हणाले, चार. वांडाबाईंनी मनातल्या मनात मोजून बघितलं. चारच होत्या.

आपांनी मग डुलकी काढली – म्हणजे खरी, खुर्चीत – आणि आम्ही दोघी जुन्या गोष्टी बोलत बसलो. नळीची मान फार नाजूक, अंगठ्याएवढी, पातळ काचेची. ती मोडली की आत हवा शिरते आणि नळी कायमची जाते. ज्याच्या हातून मान मोडली त्याला साहेब काही बोलत नसे. बाकावरचे कुणी बोलत नसत. तो आपण होऊन उठायचा, स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर, मूठ पुढे करून, शेजारच्याला द्यायचा आणि पुठ्ठ्याच्या पेट्या बांधायला जायचा. कायमचा. कुणी कधी परत बाकावर बसला नाही, बस म्हटलं तरी. वांडाबाई स्वतः दोन वर्षं पेट्यांवर होत्या आणि कारखाना तिथूनच सोडला.

"तुझ्या बापाने एकवीस वर्षांत एक मान मोडली नाही," म्हणाल्या. "एक नाही. हे आम्हां कुणालाच जमलं नाही. ते त्याला विसरायला लावून दाखवा म्हणावं त्या डॉक्टरला."

आपा जागे झाले होते बहुतेक. डोळे मिटलेलेच, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

मी हे सगळं इतकं तपशीलवार का लिहून ठेवते आहे?

संध्याकाळी गाडीच्या डिकीतून त्यांचा एक स्क्रू ड्रायव्हर काढून आणला आणि त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवला. तळघराच्या दाराचे खिळे उपसले.

१२ फेब्रुवारी, रविवार

आपा आणि आत्या चर्चला गेले तेव्हा केलं. आधी नळी झोपवली, मग पक्कडीने तिची मान मोडली. हवा आत शिरत राहिली, बारीक शिट्टीसारखी, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप वेळ. मानेत आतून असलेला चांदीसारखा डाग हवा लागून हळूहळू दुधासारखा पांढरा झाला.

आल्यावर मी आपांना हाताला धरून खाली नेलं आणि दाखवलं. म्हटलं, आपा, काल तुमच्या हातून मोडली.

त्यांनी आठवून पाहिलं. मग कोटाच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, उलटा केला आणि मूठ माझ्याकडे करून दिला. म्हणाले, माफ कर पोरी, तू एवढं आणलं होतंस.

मी म्हटलं, असू दे, आपा.